उष्णतेची मोट

इ. स. १८२४ या सालीं दोन गोष्टी घडल्या व त्यांचा परस्परांशीं कांहींएक संबंध नव्हता. साताऱ्यास असलेला पीटर लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी डोंगर चढून महाबळेश्वरच्या पठारावर गेला आणि तेथील गार हवेची वार्ता त्यानें आपल्या लोकांस दिली. त्याच वर्षीं पॅरिस शहरीं सादी कार्नो नांवाच्या अठ्ठावीस वर्षांच्या इंजिनिअरानें अग्नीच्या चालक शक्तीवर एक लहानसें पुस्तक छापविलें. लॉडविकच्या वार्तेचा बोभाटा झाला. कार्नोचें पुस्तक मात्र त्या वेळीं फारसें कोणी उघडूनही पाहिलें नाहीं. पठारावर थंडी होती आणि पुस्तकांत त्या थंडींतूनही ऊब कशी काढावी याचें बीज होतें.

लॉडविकनें महाबळेश्वराचा 'शोध' लावला असें इंग्रजी ग्रंथांतून लिहिलेलें आढळतें. पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री यांच्या उगमाशीं स्नान करणाऱ्या यात्रेकरूंनीं हा शोध कित्येक शतकें आधींच लावलेला होता! परंतु तेथें बंगले बांधून राहण्याची कल्पना साहेबांची, हें खरें. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८२९ सालीं छत्रपति प्रतापसिंह महाराजांशीं करार करून हा मुलूख कंपनीकडे घेतला व त्याच्या मोबदल्यांत वाईकडील खंडाळा हें गांव महाराजांस दिलें. नव्या वसाहतीस माल्कमपेठ असें नांव पडलें.

गारव्यासाठीं आलेल्या मंडळींनीं बंगल्यांत पहिली सोय केली ती विस्तवाची. दिवाणखान्याच्या भिंतींत आगटी व तिच्यावर छपराबाहेर गेलेलें धुराडें, ही बांधणी त्यांनीं आपल्या मायदेशाहून जशीच्या तशी आणली. समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७० मीटर उंचीवरील या पठारावर पौष-माघांत एखादे पहाटे वेण्णा तळ्याच्या कांठच्या गवतावर हिमकण दिसतात, तेव्हां ही आगटी सुखाची वाटे यांत नवल नाहीं. पण हिशेबाच्या दृष्टीनें उघड्या आगटीइतकें उधळें साधन दुसरें नसेल. लाकडांत असलेल्या उष्णतेचा फार तर दहावा-सातवा हिस्सा खोलींत राहतो; उरलेली धुराड्यावाटे आकाशांत जाते, आणि जातां जातां खोलींतली तापलेली हवाही आपल्याबरोबर ओढून नेते. त्या हवेच्या जागीं दारांच्या फटींतून बाहेरची गार हवा आंत येते. समोर बसणाऱ्याचे गुडघे भाजतात व पाठ गारठते, तें याचमुळें.

हीं लाकडें येत कोठून? जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या ज्या सदाहरित रानानें हें पठार झांकलें आहे, त्यांतून. साहेबाच्या आगटींत जळणारी मोळी कोणा डोंगरकरी बाईच्या डोक्यावरून आलेली असे. तिच्या स्वतःच्या घरीं चूल, गोवरी व माणदेशी घोंगडी यांवर हिवाळा निघे. खालीं सातारा-सांगलीच्या वाड्यांतून थंडीचा प्रश्न शेगडी आणि स्नानाचा तांब्याचा बंब एवढ्यावरच मिटत असे. पुढें या रानाचें मोल सरकारासही पटलें. १७ जानेवारी २००१ रोजीं केंद्र सरकारनें महाबळेश्वर-पांचगणी हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. अशा ठिकाणीं लाकूड जाळून घर तापविणें हा केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाहीं.

आतां कार्नोकडे वळूं. उष्णता ही पाण्याप्रमाणें उंचावरून खालीं, म्हणजे उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे वाहते, आणि त्या उतारांतून पाणचक्कीप्रमाणें काम करून घेतां येतें, असा त्याचा सिद्धान्त होता. मग काम खर्च केलें तर तीच उष्णता उलट, खालून वर, चढवितां येणार नाहीं काय? पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम टॉमसन यांनीं १८५२ सालीं या प्रश्नाचें उत्तर लिहून दिलें. हवा प्रसरण पावूं देऊन थंड करावी, तिला बाहेरच्या हवेंतील उष्णता शोषूं द्यावी, मग तिला दाबून ऊन करावें व घरांत सोडावें. एवढ्यानें इमारत तापेल, आणि लागणारी शक्ति प्रत्यक्ष मिळालेल्या उष्णतेच्या मानानें थोडकीच असेल, असें त्यांनीं गणितानें दाखविलें. त्याच सुमारास स्कॉटलंडचे राजज्योतिषी पिआझी स्मिथ हे उष्ण देशांतील खोल्या हवा दाबून-सोडून गार कशा कराव्या याचा खल करीत होते. म्हणजे हिंदुस्थानासारख्या देशांतील उकाडा आणि स्कॉटलंडांतील गारठा या दोहोंवर एकाच यंत्राचा उतारा सुचत होता. एक घर गार करतें तेंच यंत्र उलटें चालविलें कीं दुसरें घर तापवितें.

सातारा-सांगलीच्या माणसास हें यंत्र समजावून सांगण्यास परदेशीं जाण्याची जरूर नाहीं. विहिरीवरची मोट डोळ्यांपुढें आणावी. बैल पाणी उत्पन्न करीत नाहींत. विहिरींत असलेलें पाणी ते थारोळ्यांत आणून ओततात. त्यांचे श्रम पडतात ते उपसण्याचे. त्याचप्रमाणें बाहेरची हवा हातास कितीही गार लागली तरी तिच्यांत उष्णता असतेच. पांच अंशांच्या हवेंतही ती विपुल असते, फक्त ती खोल आहे. अमोनियासारखा द्रव उणे तेहतीस अंशांवरच उकळतो. असा द्रव बाहेरच्या नळ्यांत उकळूं दिला म्हणजे तो गार हवेंतूनही उष्णता ओढून घेतो. मग त्याची वाफ विजेच्या दट्ट्यानें दाबली कीं ती चांगली तापते, घरांतल्या नळ्यांत निवून पुन्हां द्रव होते व बाहेरून आणलेली उष्णता घरांत ओतते. हीच उष्णतेची मोट. आणि विहीर जितकी खोल तितकी बैलांची धाव लांब. बाहेरची थंडी जितकी कडक व आंत हवी असलेली ऊब जितकी जास्त, तितकी वीज अधिक लागते. बाहेर पांच अंश व आंत बावीस अंश असतां कार्नोच्या नियमानें एका भाग विजेंत सतरा भाग उष्णता मिळावी. प्रत्यक्षांत घर्षण व गळती यांमुळें तीन ते चार भाग मिळतात. एवढेंही थोडें नव्हे. साध्या विजेच्या शेगडींत एकास एकच मिळतो.

या कल्पनेस लोखंडाचें शरीर मिळण्यास पुष्कळ काळ लागला. ऑस्ट्रियांत एबन्से येथील मिठागरांत पीटर फॉन रिटिंगर यांनीं १८५५ ते १८५७ या काळांत खारें पाणी आटविण्यासाठीं निघालेली वाफच दाबून पुन्हां त्याच कढईखालीं वापरण्याचा प्रयोग केला. गुऱ्हाळाच्या काहिलीवरून वाफेचे लोट उठतांना ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ती युक्ति चटकन् कळेल. स्कॉटलंडमधील हॅल्डेन या विद्युत्-इंजिनिअरानें आपल्याच घरीं असें यंत्र चालविलें व १९३० सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली. झूरिक शहराच्या सभागृहांत १९३८ सालीं एशर व्हिस कंपनीनें बसविलेलें यंत्र तर लिम्माट नदीच्या पाण्यांतून उष्णता उपसून जुन्या इमारतीस ऊब देऊं लागलें. स्विस लोकांजवळ कोळसा नव्हता. नद्या व धबधबे होते. लगेच महायुद्ध आलें, कोळसा दुर्मिळ झाला आणि या यंत्राची किंमत त्यांस कळली. युद्ध संपल्यावर स्वस्त तेलानें जग पुन्हां त्यास विसरलें. १९७३ सालीं तेल महागतांच पुन्हां आठवण झाली. टंचाई आल्याखेरीज काटकसरीच्या यंत्रास कोणी विचारीत नाहीं, असें या इतिहासावरून दिसतें.

इकडे कृष्णाकांठीं काय चाललें होतें? औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं आपला कारखाना उभा केला. लोखंडी नांगरापासून सुरू झालेलें तें काम पुढें पाण्याच्या पंपांपर्यंत गेलें व मोटेची जागा पंपानें घेतली. त्याच घराण्याच्या उद्योगांतून १९५८ सालीं पुण्यास किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी निघाली व हवा आणि शीतक वायु दाबणारीं यंत्रें बनूं लागलीं. तासगांव-सांगलीकडील बेदाणा आज ज्या शीतगृहांत राहतो, तेथें हीच उष्णतेची मोट रात्रंदिवस चालते. आंतली उष्णता उपसून बाहेर फेंकते. फेंकलेल्या त्या उष्णतेंत पाणी तापवितां येईल, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

सांगलीजवळ हरिपूरचीं पेवें या संदर्भांत आठवतात. कृष्णा-वारणेच्या संगमापाशीं जमिनीच्या पोटांत खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षें टिके. उन्हाळा असो कीं हिवाळा, कांहीं हात खोल गेलें कीं मातीची उष्णता फारशी हालत नाहीं, हें तेथील व्यापाऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या ओळखलें होतें. २००५ च्या महापुरानें त्यांतील बरीचशीं पेवें निकामी केलीं. थंड देशांत घरें तापविण्यासाठीं जमिनींत नळ्या पुरून उष्णता काढतात, ती याच स्थिर उष्णतेच्या भरंवशावर.

महाबळेश्वरीं घर तापवावयाचें तर मात्र परदेशचें अनुकरण डोळे मिटून करून चालणार नाहीं. तेथील खरा शत्रु पौषांतील थंडी नव्हे, तो पावसाळा. वर्षाकांठीं सुमारें सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत! त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माणदेशांत जेमतेम पांचशे पडतो. जांभ्या दगडाच्या भिंती पाणी पितात, म्हणून पावसाच्या तोंडाला घरांस गवताच्या ताट्या बांधण्याची तेथें रीत आहे. कपडे, पुस्तकें, गाद्या यांवर बुरशी चढते. आगटीनें खोली तापते, पण ओल हटत नाहीं.

नेमक्या याच ठिकाणीं हें यंत्र आपला दुसरा गुण दाखवितें. खोलींतली दमट हवा त्याच्या थंड नळ्यांवरून नेली कीं पाणी टपटप गळतें, आणि तीच हवा पुढच्या ऊन नळ्यांवरून कोरडी व उबदार होऊन बाहेर पडते. हवेंतून दहा लिटर पाणी निघालें तर वाफ निवतांना सुटलेली जवळजवळ सात युनिट उष्णता घरांतच राहते. पावसाळ्यांत बाहेरची हवा सतरा-अठरा अंशांच्या आसपास असते. विहीर उथळ असते, धाव आंखूड पडते, आणि बाहेरच्या नळ्यांवर बर्फ जमण्याचें भय नसतें. कडक हिंवाच्या पहाटे मात्र दमट हवेमुळें नळ्यांवर हिम धरतें व तें वितळविण्यासाठीं यंत्रास अधूनमधून उलटें फिरावें लागतें. यंत्र घेतांना ही सोय आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

यंत्राआधीं घर पाहावें. छपराची गळती, खिडक्यांच्या फटी, जुन्या धुराड्याचें उघडें तोंड हीं बंद केल्यावांचून मोठें यंत्र आणणें म्हणजे फुटक्या थारोळ्यांत पाणी ओतणें होय. मग कडक थंडीच्या रात्रीं घरांतून किती उष्णता बाहेर जाते याचा खोलीवार हिशेब करवून घ्यावा. समजा, तो सहा किलोवॅट आला. तर तिपटीनें चालणाऱ्या यंत्रास दोन किलोवॅट वीज पुरेल. दुकानदार 'असूं द्या, मोठेंच घ्या' म्हणतो, तें ऐकूं नये. वाजवीपेक्षां मोठें यंत्र घटकाभर चालतें, थांबतें, पुन्हां चालतें. त्यांत वीजही जाते आणि ओलही पुरती निघत नाहीं. एकाच यंत्रानें सगळें घर तापवावयाचें तर छपराखालून हवेचे नळ फिरवावे किंवा जमिनींतून कोमट पाण्याच्या नळ्या. जुन्या बंगल्याच्या उंच लाकडी छपराखालीं हवेचे नळ सहज दडतात. परंतु तेथें ते उबदार वेष्टनांत गुंडाळले नाहींत तर अर्धी ऊब उंदरांच्या वांट्यास जाते. जमिनीखालच्या नळ्यांत पस्तीस-चाळीस अंशांचें पाणी पुरतें, म्हणून तेथें मोटेचे श्रम सर्वांत कमी. पण जुनी फरशी उखडावी लागते. स्नानाच्या पाण्यासाठीं वेगळें लहान यंत्र परवडतें. सूर्यचूल्हीचा बंब श्रावणांत निरुपयोगी असतो. उष्णतेची मोट तेव्हांही चालते.

वीज कोठून येते, हा प्रश्नही टाळतां येत नाहीं. सातारा जिल्ह्यांतच कोयनेची वीज १९६२ पासून निघूं लागली व तिच्यासाठीं तेथील कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. परंतु आज महाराष्ट्राच्या तारांतून वाहणारी पुष्कळशी वीज कोळशाचीच आहे. शंभर भाग कोळशांतून जेमतेम पस्तीस भाग वीज मिळते. साध्या शेगडींत तेवढीच ऊब, आणि या यंत्रांत तिप्पट, म्हणजे एकशेंपांच. आगटींतल्या शंभर भाग लाकडांतून मिळणाऱ्या दहा-पंधरांशीं हा आंकडा ताडून पाहावा.

राहिली बसविण्याची जागा. बाहेरचा भाग वाऱ्यापावसाच्या तोंडीं ठेवूं नये. पश्चिमेकडील भिंत टाळून, जमिनीपासून हात-दीडहात उंच ओट्यावर, शेजाऱ्याच्या निजण्याच्या खोलीपासून दूर तो बसवावा. गळणाऱ्या पाण्याची नळी उताराची हवी व तिचें तोंड जांभ्याच्या जोत्यापासून लांब हवें. नाहीं तर हवेंतून काढलेली ओल भिंतींतून पुन्हां घरांत येते.