डाइव्ह कम्प्युटर बदलताना...

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात प्रशिक्षकाचा हात धरून पहिली डुबकी घेणाऱ्या पर्यटकाला डाइव्ह कम्प्युटरची गरज भासत नाही. मात्र रीतसर प्रमाणपत्र मिळवून अंदमान, लक्षद्वीप किंवा कर्नाटकातील नेत्राणी बेटाकडे वळणाऱ्या हौशी पाणबुड्यांच्या मनगटावर हे छोटेखानी यंत्र हमखास दिसते. काही वर्षांनी त्याचा पडदा अंधूक होतो, सेल टिकेनासा होतो किंवा दुरुस्ती महाग पडू लागते आणि दुसरे यंत्र घेण्याची वेळ येते. दुकानात गेल्यावर लक्ष साहजिकच रंगीत पडद्याकडे आणि किमतीच्या चिठ्ठीकडे जाते. जिवाशी संबंध असलेल्या बाबी मात्र माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर असतात.

खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर येताना तो सावकाश बाहेर पडला नाही, तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही ओढवू शकते. हा नायट्रोजन प्रत्यक्ष मोजण्याची सोय मनगटावरच्या कोणत्याही यंत्रात नाही. यंत्र पाण्याचा दाब आणि वेळ मोजते; उरलेले सारे गणित असते आणि ते सर्व कंपन्यांचे सारखे नसते.

झुरिकचे डॉ. आल्बर्ट ब्यूलमान यांच्या गणितात शरीराचे १६ काल्पनिक कप्पे कल्पिलेले आहेत. शिअरवॉटर आणि गार्मिन यांची यंत्रे त्यावर चालतात. सुंटोने अनेक वर्षे आरजीबीएम ही निराळी पद्धत वापरली. ब्यूलमान पद्धतीच्या यंत्रांत सावधगिरीची पातळी ४०/८५ किंवा ३५/७५ अशा आकड्यांच्या जोडीने ठरवता येते. त्यातील दुसरा आकडा, पृष्ठभागावर येताना मूळ गणिताने दिलेल्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचे, हे सांगतो. आकडा जितका लहान, तितकी सावधगिरी अधिक. यंत्र बदलणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे, कारण त्याची सवय जुन्या यंत्राने लावलेली असते. जुने यंत्र कडक आणि नवे सैल असेल, तर त्याच खोलीवर अधिक मिनिटे हाती आल्याचा आनंद होतो. समुद्र मात्र तोच असतो आणि शरीर तर काही वर्षांनी थकलेले असते.

गणितातील चूक डोळ्यांना दिसत नाही, हा यातला खरा धोका. उवाटेक कंपनीच्या १९९५ च्या सुमारास बनलेल्या ‘अलाडिन एअर एक्स नायट्रॉक्स’ या यंत्रांचे उदाहरण बोलके आहे. दोन डुबक्यांच्या मधल्या विश्रांतीत पाणबुडा नावेवर बसून साधी हवा घेत असतो. हे यंत्र मात्र तो अधिक ऑक्सिजन असलेले नायट्रॉक्सच घेत आहे, असे धरून हिशेब करी. परिणामी शरीरात शिल्लक असलेला नायट्रोजन प्रत्यक्षापेक्षा कमी भासे. अमेरिकेत ही यंत्रे परत मागवली गेली, तोवर २००३ साल उजाडले होते. म्हणूनच बाजारात नुकत्याच आलेल्या मॉडेलपेक्षा दोन-तीन वर्षे वापरात असलेले आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करता येणारे मॉडेल बरे. खरेदीपूर्वी ते कधी परत मागवले गेले होते काय, हेही इंटरनेटवर पाहून घ्यावे.

‘ईएन १३३१९’ या युरोपीय मानकाचा उल्लेख विक्रेते आवर्जून करतात. हे मानक खोली आणि वेळ मोजण्याच्या अचूकतेपुरते आहे. नायट्रोजनच्या गणिताची ते हमी देत नाही.

सेलचा प्रश्न वरवर क्षुल्लक, पण सहली त्यानेच बुडतात. शिअरवॉटरच्या पर्डिक्समध्ये साधा पेन्सिल सेल चालतो आणि तो बेटावरच्या किराणा दुकानातही मिळू शकतो. सुंटो झूप नोव्होसारख्या स्वस्त यंत्रांत बटण सेल असतो व तो घरी बदलता येतो. फक्त रबरी कडी स्वच्छ करून बसवावी लागते. तिच्यावर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला, तरी पाणी आत शिरते. पेरेग्रीन किंवा सुंटो डी ५ यांची बॅटरी चार्ज करावी लागते. ती क्षीण झाल्यावर कोण बदलून देणार आणि यंत्र त्यासाठी परदेशी पाठवावे लागणार काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. परदेशातील नातलगांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी वॉरंटी भारतात लागू आहे का, हेही विचारावे.

नळकांड्यातील हवेचा दाब मनगटावर दाखवणारी बिनतारी सोय सुखाची असली, तरी गरजेची नाही. चाळिशी लागलेल्यांनी मोठे आकडे पाहावेत. जुने यंत्र स्वस्तात मिळत असल्यास त्याचा खोलीमापक तपासून घेतल्याखेरीज व्यवहार करू नये.

यंत्र सहलीच्या मध्येच बंद पडले, तर मात्र नवे बांधून लगेच पाण्यात उतरणे धोक्याचे. सकाळच्या डुबकीत शरीरात साठलेल्या नायट्रोजनची नव्या यंत्राला काहीच कल्पना नसते. त्याच्या दृष्टीने तुम्ही आज प्रथमच पाण्यात उतरत असता. सोबत्याचे यंत्र मागून घेतले, तरी ते त्याच्या डुबक्यांचा हिशेब सांगते. अशा वेळी २४ तास पाण्याबाहेर राहण्याचा सल्ला दिला जातो. परतीच्या विमानाचे गणितही नवे यंत्र चुकीचे सांगेल. एकाहून अधिक डुबक्यांनंतर विमानप्रवासाआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत, अशी डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची शिफारस आहे; पोर्ट ब्लेअरहून सकाळी निघणाऱ्यांनी आदल्या दिवशी पाण्यात उतरण्याआधी हे तास मोजावेत.

जुने यंत्र चालू असेल, तर पहिल्या काही उथळ डुबक्यांत दोन्ही एकाच हातावर बांधून खोलीचे आकडे ताडून पाहावेत. उरलेल्या मिनिटांत फरक दिसला, तर जे यंत्र कमी मिनिटे दाखवते त्याप्रमाणे वर यावे.