गोंदण: हात कोणाचा आणि मर्जी कोणाची

 

पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. त्यामुळे बांद्यात काहीही नवं दिसलं की 'गोव्याची हवा लागली' म्हणायची आपल्याला सोय आहे. सध्या हे वाक्य टॅटूवरून ऐकू येतं. पोरं रोज कामाला पलीकडे जातात, मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून तर जास्तच, आणि पहिल्या-दुसऱ्या पगारात कोणाच्या हातावर आईचा चेहरा येतो, कोणाच्या छातीवर शिवाजी महाराज. साधं चित्र नव्हे, फोटो चिकटवल्यासारखा हुबेहूब चेहरा. घरात आरडाओरड होते. आणि ती करणाऱ्या आजीच्याच हनुवटीवर हिरवा ठिपका असतो, मनगटावर तुळशीवृंदावन असतं! तिला कोणी विचारत नाही की तुझं हे कुठच्या हवेने आलं.

तेव्हा आधी आजीच्या हातापासून सुरुवात करू.

ज्या बायका आज ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकींचं गोंदण लग्नाआधी किंवा लग्न होता होता झालेलं. गोंदणारीण जत्रेत बसायची किंवा सुगी संपल्यावर दारात यायची. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी, ती कालवायला दूध किंवा कसल्याशा पाल्याचा रस. झाल्यावर वर हळद आणि तेल. मोबदला म्हणजे सूपभर भात, नारळ, जुनं लुगडं. नमुने ठरलेले: तुळस, पाळणा, विंचू, चांदणी, बोटांच्या पेरांवर ठिपके. तिच्याकडे वही नव्हती, छापील कागद नव्हता. सगळं तिच्या हातात. मुलगी रडायची, दोघी-तिघी धरून ठेवायच्या.

मी माझ्या आजीला विचारलं होतं की एवढं कशाला सोसलंस. ती म्हणाली, "सोना-नाणा हयंच रवतला. ह्या तेवढा वांगडा येतला." हे उत्तर महाराष्ट्रात कुठेही थोड्याफार फरकाने ऐकायला मिळतं. मेल्यावर अंगावरचा दागिना काढून घेतात, गोंदण कोणी काढू शकत नाही. ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नसायची, तिच्या मालकीची ही एकमेव कायमची वस्तू, असं मला वाटायचं. पण मालकी तिची असली तरी मर्जी तिची होती का? पाच-सात वर्षांच्या पोरीला कोण विचारतो? पुढे लग्न झालं की नवऱ्याचं नाव यायचं. तोंडाने ज्याचं नाव घ्यायची चोरी, ते हातावर कायमचं लिहिलेलं. तिला स्वतःला अक्षर येत नसायचं, म्हणजे आपल्या हातावर काय लिहिलंय ते तिला दुसऱ्याने वाचून दाखवायचं.

गोंदणाच्या इतिहासातला खरा प्रश्न मला हा वाटतो. देशी की परदेशी, हा वाद पोकळ आहे. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे 5300 वर्षं जुन्या माणसाच्या अंगावर कोळशाच्या 61 खुणा आहेत. ही गोष्ट कोणा एका देशाची नाहीच. 'टॅटू' हा शब्द मात्र ताहितीकडचा. कॅप्टन कुकचं जहाज 1769 साली तिथे पोचलं आणि खलाशांबरोबर शब्द इंग्रजीत आला. आपल्या भाषेतलं गोंदणं आणि उत्तरेतलं गोदना ही आपली स्वतःचीच. प्रश्न एवढाच की खूण कोणी ठरवली आणि ती कोणाच्या कातडीवर उमटली.

याचं सगळ्यात वाईट उत्तर कंपनी सरकारने दिलं. बंगाल इलाख्यात 1797 च्या नियमाने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गोंदायला सुरुवात झाली. नाव, गुन्हा, शिक्षेची तारीख, कपाळावर, सगळ्यांना वाचता येईल असं. मद्रास इलाख्यातही हा प्रकार होता. सरकारी कागदात त्याला शब्द वापरला तो 'गोदना' हाच, म्हणजे आया-बायांच्या हातावरच्या दागिन्याचा शब्द उचलून शिक्षेला लावला. क्लेअर अँडरसन या इतिहासकार बाईंनी यावर सविस्तर पुस्तक लिहिलंय. कैदी कपाळावर फडकं बांधून, केस पुढे ओढून ती अक्षरं झाकायचे. 1849 मध्ये ही शिक्षा रद्द झाली.

कागदावर रद्द झाली, डोक्यातून गेली नाही. 1993 साली अमृतसरच्या पोलिसांनी चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' असं गोंदवलं. हो, 1993. आपल्याकडे घरोघर टीव्ही आलेला होता. पतियाळाच्या सीबीआय न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरवेपर्यंत 2016 उजाडलं. न्यायासाठी त्या बायकांना जवळजवळ तेवीस वर्षं थांबावं लागलं.

आता हुबेहूब चेहऱ्याच्या टॅटूकडे. गंमत म्हणजे त्याचं मूळही तुरुंगातच आहे, फक्त उलट बाजूने.

यंत्र आलं न्यूयॉर्कहून. एडिसनने कागदाला भोकं पाडून नकला काढायचं विजेचं पेन बनवलं, त्याचं पेटंट 1876 चं. तेच तंत्र पुढे नेऊन सॅम्युएल ओरायली याने 1891 मध्ये गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आपल्या जत्रांत बॅटरीवर चालणारी घरघर करणारी जी मशीन दिसायची, ती याच घराण्यातली. तिने 'आई', 'जय हनुमान', बदाम आणि बाण एवढं भागायचं. चेहरा काढणं तिच्या आवाक्यात नव्हतं.

चेहरा जमवला कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या कैद्यांनी. तुरुंगात रंग मिळत नव्हते. कॅसेट प्लेयरची मोटर, गिटारची तार घासून केलेली एकच सुई आणि काळी शाई, एवढ्यावर काम. मग काळ्यातच पाणी घालून राखाडीच्या छटा काढल्या आणि आईचा, बायकोचा, मेरीमातेचा चेहरा अंगावर उतरवला. सरकारने नंबर दिलेला, त्यांनी त्या अंगावर आपलं माणूस लिहिलं. 1975 मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमध्ये चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी 'गुड टाइम चार्लीज टॅटूलँड' हे दुकान काढलं, पुढे फ्रेडी निग्रेटी हा तुरुंगात हात बसलेला कलाकार तिथे आला, आणि ही एका सुईची राखाडी पद्धत जगभर गेली. तीच आज मुंबई-पणजीमार्गे आपल्या पोरांच्या दंडावर आहे.

म्हणून मी या टॅटूला नाकं मुरडत नाही. आजीला पर्याय नव्हता, कैद्याला तर नव्हताच. आज पोरगा स्वतः ठरवतो, हे पहिल्यांदा घडतंय. पण ठरवतो म्हणजे नेमकं काय करतो? बहुतेक जण मोबाईलमधला एक फोटो पुढे करतात आणि 'सेम टू सेम' म्हणतात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

मी दोन-तीन चांगल्या कलाकारांजवळ बसून काम बघितलंय. चांगला कलाकार पहिल्या दिवशी सुई हातात घेतच नाही. तो आधी फोटो नाकारतो. लग्नात फ्लॅश मारून काढलेला सपाट फोटो चालत नाही. एका बाजूने उजेड पडलेला, डोळे स्पष्ट असलेला लागतो, कारण चेहरा रेषांनी दिसत नाही, सावलीने दिसतो. वारलेल्या आई-वडिलांचा एकच जुना फोटो असेल तर तो घरच्यांना बोलावून विचारतो, नाक असंच होतं का, केस कसे वळायचे. मग आकार. शाई वर्षानुवर्षं कातडीत थोडी पसरते, त्यामुळे तळहाताहून लहान चेहरा केला तर दहा वर्षांनी डोळ्यांच्या जागी डाग उरतात. आपल्या सावळ्या रंगावर फिकट छटा दिसत नाहीत; उजेडाची जागा मोकळी सोडावी लागते, तिथे कातडीच कागदाचं काम करते. पांढरी शाई भरून उजेड दाखवणारा असेल तर जरा जपून. नंतर जांभळ्या कार्बनने आराखडा उमटवायचा, उभं राहून, हात हलवून बघायचा, पटला नाही तर पुसून पुन्हा. या टप्प्यावर 'नको' म्हणायला काही पैसे पडत नाहीत, आणि लाजायचंही कारण नाही.

सुई जाते एक-दोन मिलिमीटर, वरच्या कातडीखालच्या थरात. तिथल्या संरक्षक पेशी शाई परकी म्हणून गिळून बसतात. 2018 मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ती पेशी मेली की शाई बाहेर पडते आणि नवी पेशी ती पुन्हा गिळते. म्हणजे टॅटू टिकतो तो शरीर त्याला सतत हाकलायला बघतं म्हणून. आणि काळी काजळी कातडीआडून निळी-हिरवी दिसते हा उजेडाचा खेळ. आजीच्या गोंदणात हिरवं काहीच नव्हतं.

जखम भरायला दोन ते चार आठवडे. तोवर नदी, विहीर, समुद्र बंद. म्हणून आषाढात लावणीच्या चिखलात उतरायचं असेल तेव्हा टॅटू करू नये, आणि मे महिन्याच्या घामातही शक्यतो नको. हे सांगणारा कलाकार चांगला. 'चतुर्थीच्या आधी उरकून टाक' म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

आता सार्वजनिक बाजू, जिच्यासाठी मुळात लिहायला बसलो.

सैन्यभरतीला जाणाऱ्या पोरांनो, नीट वाचा. सेनेत कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे. केंद्रीय पोलीस दलांत सॅल्यूट करायचा उजवा हात चालत नाही. डाव्या हाताची आतली बाजू, मजकूर धार्मिक चिन्ह किंवा नाव, आणि आकार त्या अवयवाच्या पाव भागाहून कमी. म्हणजे उजव्या दंडावरचा महाराजांचा चेहरा, कितीही भक्तीने काढलेला असो, वैद्यकीय तपासणीत बाद. मग लेझरने काढायला धावाधाव, खर्च टॅटूच्या कितीतरी पट, आणि डाग राहिला तर तोही मोजला जातो. जाहिरातीतला नियम त्या त्या वर्षीचा वाचून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

दुसरं, रक्तदान. टॅटू केल्यापासून 12 महिने रक्त देता येत नाही. कारण कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही दूषित सुईतून जाऊ शकतात. आपल्याकडे शिबिराला रांगा लागतात, पण हे विचारल्यावर 'लहानसाच आहे' म्हणून लपवणारे असतात. लपवू नका.

आणि तिसरं, दुकान. आज टॅटूचं दुकान काढायला काय लागतं? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असले तर नुसती सूचना देऊन भागतं. किराणा दुकानाला जे लागतं तेच. सुई कुठली, शाई कुठली, वापरलेल्या सुया जातात कुठे, याचा त्या कागदाशी संबंध नाही. युरोपात 2022 च्या जानेवारीपासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आहेत. शेजारी कर्नाटकात 2025 मध्ये आरोग्यमंत्र्यांनी शाईच्या नमुन्यांत 22 धातू सापडल्याचं सांगितलं आणि केंद्राकडे नियमांची मागणी लावून धरली. आपल्या जिल्ह्यात यावर कोणी आमदार, कोणी जिल्हा परिषद सदस्य बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. जत्रेत एकाच सुईने दहा जणांचे हात गोंदले जात असतील तर ते थांबवणं ग्रामपंचायतीच्या आरोग्य समितीला अवघड नाही. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी लेखी देणार आहे.

शेवटी एक काम, त्यात तुमचा हात हवा. पिंगुळीच्या चित्रकथीसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, आपल्याला केवढा अभिमान वाटला. 2024 मध्ये बिहारच्या शांती देवी आणि शिवन पासवान या जोडप्याला पद्मश्री मिळाली ती गोदना चित्रांसाठी; अंगावरचे नमुने त्यांनी कागदावर आणले. आपल्या गोंदणारणींचे नमुने कोणी कागदावर आणले नाहीत. ते फक्त म्हाताऱ्या हातांवर आहेत, आणि दर वर्षी त्यातले काही स्मशानात जातात. गोंदण वांगडा जातं हे खरं, पण नमुनाही जातो. पोलिसांच्या 'अनोळखी मृतदेह' सदरात तेवढी त्यांची नोंद होते: उजव्या हातावर अमुक गोंदलेले.

तेव्हा बांदा, इन्सुली, शेर्ले, मडुरा, वाफोली, डिंगणे, जिथे ओळख असेल तिथे जा. दिवसाच्या उजेडात, खळ्यात बसवून फोटो काढा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. नमुन्याला ती काय म्हणते तेच नाव लिहा, आपलं पुस्तकी नाव लावू नका. कोणी गोंदलं, कुठल्या जत्रेत, बदल्यात काय दिलं, तेव्हा वय काय होतं, हे विचारा. आणि तेव्हा तुला विचारलं होतं का, हेही विचारा. जमलेलं सगळं एकत्र करून नट वाचनालयात एक प्रत ठेवायला द्यावी असं माझ्या मनात आहे. फोटो आधी विचारून काढा. चेहरा नको म्हणाली तर फक्त हात घ्या, आणि हातही नको म्हणाली तर चहा घेऊन परत या.