ग्रेप कोसळलं त्या रात्री

शुक्रवारची संध्याकाळ. बॅग भरून झालेली, आणि क्लायंटचा फोन. आदल्या रात्रीच्या काही ऑर्डरी गायब होत्या. म्हटलं, त्यात काय, लॉगवर एक ग्रेप मारू आणि निघू. पॅटर्न लिहिला, एंटर दाबलं. समोर दोनच शब्द: सेगमेंटेशन फॉल्ट.

आपला कोड पडतो, त्याची सवय आहे हो. पण ग्रेप? विळी क्रॅश झाली असं कुणी ऐकलंय का?

कोअर फाइल जीडीबीत उघडली. 'मॅच' नावाचं एकच फंक्शन स्वतःलाच बोलावत होतं, एकाखाली एक, हजारो वेळा. लॉगमध्ये काही एमबींची एकच लांबलचक ओळ होती, आणि मी सवयीने 'पी' पर्याय लावला होता, म्हणजे पर्लच्या धाटणीचे पॅटर्न. सर्व्हर जुना, त्यावरची पीसीआरई लायब्ररीही जुनी. ती बॅकट्रॅकिंग करायची: एक वाट धरायची, चुकली तर मागे येऊन दुसरी. परतीच्या खुणा स्टॅकवर. एका खुणेला ढोबळमानाने ५०० बाइट धरले, तर ८ एमबीचा स्टॅक सोळाएक हजार खुणांत संपतो. माझी ओळ त्याहून कितीतरी लांब!

आता गंमत बघा. यावरचा उपाय १९६८ सालचा आहे.

रेग्युलर एक्स्प्रेशनचं गणित स्टीफन क्लीनी यांनी १९५१ साली मांडलं, तेही चेतापेशींच्या जाळ्याचा विचार करताना. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी ते आयबीएम ७०९४ वर उतरवलं. त्यांची युक्ती अशी: पेठेतल्या बोळांत पत्ता शोधताना एकट्याने प्रत्येक बोळात जाऊन परत यायचं नाही. प्रत्येक फाट्यावर एकेक माणूस पाठवायचा, सगळ्यांनी बरोबरच पाऊल टाकायचं, आणि दोघे एकाच जागी भेटले तर एकाने घरी जायचं. मागे फिरणं नाही, त्यामुळे खुणांचा ढीगही नाही. ओळ कितीही लांब असो, लागणारी माणसं पॅटर्नच्या आकारावर ठरतात.

पुढे १९७३ मध्ये थॉम्पसन यांचंच ग्रेप युनिक्समध्ये आलं. नाव 'एड' या एडिटरच्या 'जी/आरई/पी' या आज्ञेवरून: सगळीकडे शोध आणि छाप. त्यात पॅटर्न साधेच होते. 'हे किंवा ते' म्हणायची सोय आल्फ्रेड आहो यांच्या ईग्रेपने दिली, आणि तीही ऑटोमॅटा वापरून. ते १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आलं.

मग बिघडलं कुठे? पर्लने लुकअहेडसारख्या सोयी आणल्या, लोकांना त्या आवडल्या, १९९७ पासून पीसीआरईने त्या सगळीकडे पोचवल्या. सोयींबरोबर बॅकट्रॅकिंगही आलं. २०१७ मध्ये पीसीआरई२ ने खुणा स्टॅकवरून हीपवर हलवल्या, म्हणून असा क्रॅश आता सहसा होत नाही. पण मागे फिरणं आहेच. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरच्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने त्यांचे सीपीयू जाम केले, आणि जगभरच्या असंख्य वेबसाइट २७ मिनिटं आडव्या झाल्या. तिथे मेमरी नाही, वेळ संपला. रोग तोच.

मला तर लुकअहेडची गरजच नव्हती. 'पी' च्या जागी 'ई' लावलं, पॅटर्न जरा बदलला, आणि ऑर्डरी सापडल्या.

घरी जाताना थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनचा पेपर आठवला. 'दिलेल्या एक्स्प्रेशनचा एनएफए काढा', हमखास येणारा प्रश्न. गोल आणि बाण घोकून काढले होते, आणि बाहेर आल्यावर "नोकरीत याचा काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होतो. ते गोल म्हणजेच थॉम्पसन यांची बोळात पाठवलेली माणसं, हे कळायला एक क्रॅश लागला.

असो. जुन्या वह्या आईने रद्दीत दिल्या नसतील अशी आशा आहे. उद्या माळ्यावर चढून बघतो.