अवनीची लेक

पांढरकवडा-राळेगाव परिसराचा अलीकडचा इतिहास लिहिताना टी-१ ऊर्फ ‘अवनी’ या वाघिणीला वगळता येणार नाही. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेल्या या वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीनजीक गोळी घालण्यात आली. तिला मारणे योग्य की अयोग्य, यावर पुष्कळ वाद झडले. तिच्यामागे उरलेल्या मादी बछड्याची कथा मात्र त्या गदारोळात मागे पडली. आम्हांला तीच अधिक अस्वस्थ करते.

२२ डिसेंबर २०१८ रोजी या बछड्याला पकडून पेंच व्याघ्र प्रकल्पातील कुंपणबंद क्षेत्रात नेण्यात आले. हेतू स्वच्छ होता: पोरक्या पिलाने शिकार शिकावी आणि यथाकाल त्याला जंगलात सोडावे. ती दोन वर्षांहून अधिक काळ कुंपणात वाढली. ५ मार्च २०२१ रोजी तिला मुक्त केले. अवघ्या काही दिवसांत दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती जबर जखमी झाली आणि १३ मार्चला मरण पावली.

येथे केइको या ऑर्काची, म्हणजे ‘किलर व्हेल’ची, आठवण होते. १९७९ मध्ये आइसलंडच्या समुद्रात पकडलेला हा नर जलक्रीडागृहांत खेळ करीत राहिला. १९९३ च्या एका चित्रपटामुळे त्याच्या सुटकेची चळवळ उभी राहिली. प्रदीर्घ तयारीनंतर २००२ मध्ये तो खुल्या समुद्रात गेला. पण स्वजातीयांच्या कळपात कायमचा मिसळला नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यावर माणसांचीच सोबत शोधत डिसेंबर २००३ मध्ये तो निवर्तला.

दोन्ही बंदिवासांची कारणे भिन्न आहेत. केइकोला माणसाच्या करमणुकीसाठी कोंडले होते. अशा करमणुकीला भारत सरकारने मे २०१३ मध्येच नकार देऊन डॉल्फिन व तत्सम जलचरांच्या क्रीडागृहांना परवानगी नाकारली. अवनीच्या लेकीला कोंडले ते मात्र जगवण्यासाठी. म्हणून दोहोंना एकाच न्यायाने तोलणे अन्यायाचे ठरेल. तरीही शेवट सारखाच दिसतो. कुंपणात शिकार शिकता येते. पण कोणत्या हद्दीत पाऊल टाकू नये, कोणासमोर माघार घ्यावी, हे शिकवायला आई किंवा कळप लागतो.

ज्यांच्या घरचा माणूस गुरे चारायला गेला आणि परतला नाही, त्यांना या चर्चेत गप्प बसवण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्यांची भीती खरीच होती. आमचे म्हणणे एवढेच की, प्राणी पकडताना आपण त्याच्या उरलेल्या सबंध आयुष्याची जबाबदारी घेत असतो. त्याला परत कोठे जायचे आहे, तेथे त्याच्यासाठी मोकळी जागा आहे काय, हा प्रश्न कुंपणाचे दार उघडताना नव्हे, ते बंद करतानाच विचारायला हवा.