नाशिकचें मुद्रणालय आणि कामाची रांग

कारखान्यावर कामाचा भार वाढला म्हणजे माल उशिरां मिळतो, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु तो उशीर नेमका कोठें होतो, हें पाहावयाचें असल्यास नाशिक रोडच्या सरकारी मुद्रणालयाचा इतिहास पाहावा.

पूर्वीं हिंदुस्थानचीं बहुतेक टपालतिकिटें लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. १९२५ सालीं नाशिक रोडला मुद्रणालय निघालें आणि १९२८ पासून तेथें चलनी नोटाही छापल्या जाऊं लागल्या. नोट हें एका यंत्राचें काम नव्हे. कागद छापावा, शाई वाळूं द्यावी, क्रमांक घालावे, ताव तपासावे, कापावे, मोजावे. प्रत्येक क्रियेस लागावयाचा तेवढाच वेळ लागतो. परंतु भार वाढला कीं ताव पुढल्या क्रियेच्या दाराशीं वाट पाहत पडून राहतात. उशीर होतो तो मुख्यतः या रांगेंत.

१९४७ च्या ऑगस्टांत या रांगेंत एकदम दोन राष्ट्रें उभीं राहिलीं. पाकिस्तानसाठीं नवे ठसे कोरीत बसण्यास अवसर नव्हता. तेव्हां जॉर्ज बादशहाच्या तिकिटांवरच ‘पाकिस्तान’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत छापण्यांत आला आणि १ ऑक्टोबर १९४७ रोजीं तीं तिकिटें तिकडे विक्रीस निघालीं. एका शब्दानें सर्वांत लांबचा टप्पा वगळला गेला. तरीही तेवढ्यानें भागलें नाहीं; तेथील कित्येक ठिकाणीं स्थानिक छापखान्यांत व हातशिक्क्यांनीं तोच शब्द उमटविण्यांत आला. भारताचें स्वतःचें ‘जयहिंद’ तिकीट निघण्यास २१ नोव्हेंबर १९४७ हा दिवस उजाडला. तोंपर्यंत स्वतंत्र देशाचीं पत्रें बादशहाच्याच मुद्रेनें जात होतीं.

पुढें ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशे व हजारांच्या जुन्या नोटा रद्द झाल्या. चलनांतील नोटांच्या मूल्याचा सुमारें ८६ टक्के भाग त्यांत होता. नव्या पांचशेच्या नोटा छापण्याचें काम नाशिक व देवास येथील मुद्रणालयांकडे आलें. या खेपेस जुन्या नोटेवर एखादा शब्द छापून भागण्यासारखें नव्हतें. कोऱ्या कागदापासून शेवटच्या मोजणीपर्यंत सारी वाट चालणें प्राप्त होतें. म्हणून कारखान्यांतील रांग बँकांच्या दारीं आली, आणि पेन्शनर, मजूर, लग्नघरचीं माणसें तींत तासन् तास उभीं राहिलीं.

हुकूम एका रात्रींत काढतां येतो. शाईस मात्र वाळण्यापुरता वेळ द्यावाच लागतो. तो हिशेब आधीं न केल्यास त्याची भरपाई शेवटीं रांगेंतील माणसास करावी लागते.