अभिलेखसाठवण : नोंद आणि दस्तऐवज

एखाद्या व्यवहाराची संक्षिप्त नोंद आणि त्या व्यवहाराचा मूळ, आकाराने मोठा दस्तऐवज (नकाशा, करारपत्र, छायाचित्र वा प्रतिमा) यांची जपणूक करण्याच्या पद्धतीस अभिलेखसाठवण म्हणतात. नोंद लहान असते, वरचेवर चाळली जाते आणि बदलते. दस्तऐवज मोठा असतो, क्वचित पाहिला जातो आणि सहसा बदलत नाही. ही दोन्ही एकाच ठिकाणी ठेवावीत की वेगळी, हा प्रश्न संगणकशास्त्रात ‘मोठ्या संचिका विदागारात ठेवाव्यात की संचिकाप्रणालीत’ या रूपाने विचारला जातो. विदागार म्हणजे व्यवहारात ज्याला डेटाबेस म्हणतात ती सुसूत्र नोंदींची व्यवस्था. संचिकाप्रणाली म्हणजे संगणकाच्या तबकडीवर फाइली ठेवण्याची व शोधण्याची व्यवस्था. प्रश्नाचे हे रूप नवे असले, तरी महाराष्ट्रातील दप्तरखान्यांना तो पूर्वापार परिचित आहे.

पेशवे दप्तर : पेशव्यांच्या कारभारात दररोजचा जमाखर्च व हुकूम रोजकीर्दीत क्रमाने लिहिले जात. त्यांतील नोंदी विषयवार व प्रांतवार वेगळ्या करून जे कागद तयार होत, त्यांना घडणी म्हणत. रोजकीर्द कालक्रमानुसार असल्याने तीतून एका परगण्याचा हिशेब काढणे अवघड असे. घडणीमुळे ते साधे. मूळ कागद कापडी रुमालांत बांधून ठेवीत. १८१८ मध्ये हे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि इनामांच्या चौकशीसाठी त्याचा मोठा उपयोग करण्यात आला. १८९१ मध्ये बांधलेल्या पुण्यातील इमारतीत आज ते पुणे पुराभिलेखागार म्हणून सुरक्षित आहे. त्यात हजारो रुमाल असून बहुतेक मजकूर मोडी लिपीत आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. एवढे खंड निघूनही दप्तराचा फार मोठा भाग अप्रकाशितच राहिला. कागद टिकला म्हणजे तो सापडेलच असे नाही, ही गोष्ट या दप्तराच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

जमिनीचे अभिलेख : नोंद व दस्तऐवज यांच्या विभागणीचे सर्वांत व्यापक उदाहरण म्हणजे मुंबई इलाख्यातील भूमापन होय. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात रूढ केलेली ही पद्धती पुढील काही वर्षांत सोलापूर भागात पोहोचली. तीत प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर देण्यात आला. ३३ फुटी साखळीने मोजलेली मापे टिपणात लिहीत, क्षेत्र व आकार आकारबंदात नोंदवीत आणि त्यांवरून गावनकाशा काढीत. १९०३ च्या अधिनियमाने हक्कनोंदणी सुरू झाली. धारकाचे नाव, क्षेत्र व इतर हक्क गाव नमुना ७ मध्ये, पिके नमुना १२ मध्ये आणि हक्कांतील बदल नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहिले जाऊ लागले. पहिल्या दोहोंच्या संयुक्त उताऱ्यास सातबारा म्हणतात.

बार्शी तालुक्यातील एखाद्या शेताची माहिती हवी असल्यास ती एका ठिकाणी मिळत नाही. सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असतो. टिपण, फाळणी व नकाशा भूमी अभिलेख खात्याच्या तालुका कार्यालयात असतात. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे केवळ सर्व्हे किंवा गट क्रमांक. या रचनेमागे व्यावहारिक कारण होते. धारकाचे नाव वारस, खरेदी, गहाण यांमुळे वरचेवर बदलते, म्हणून ते गावाजवळ हवे. नकाशा मोठा, नाजूक व तज्ज्ञांनीच हाताळण्याजोगा, म्हणून तो कार्यालयात हवा.

मात्र हा दुवाच या रचनेतील सर्वांत दुर्बळ भाग ठरला. शेताची वाटणी झाली की फेरफाराने सातबाऱ्यावर नवे हिस्से चढतात; पण पोटहिस्सा मोजणीसाठी अर्ज होऊन प्रत्यक्ष मोजणी झाल्याखेरीज नकाशावर नवी हद्द उमटत नाही. परिणामी उताऱ्यावर चार हिस्सेदार आणि नकाशावर एकच अखंड शेत, अशी स्थिती उद्‍भवते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण अधिनियमानुसार ज्या गावांत एकत्रीकरण झाले, तेथे सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर आले. जुना नंबर व नवा गट यांचा ताळमेळ जेथे चुकला, तेथे बांधाचे तंटे दिवाणी न्यायालयापर्यंत गेले. दोन्ही कागद आपापल्या जागी शाबूत असूनही शेतकऱ्याचा हक्क संदिग्ध होतो, तो त्यांच्यातील संबंध राखण्याची जबाबदारी कोणा एकाची नसल्यामुळे.

संगणकीय स्वरूप : संगणकाच्या क्षेत्रात हाच प्रश्न दोन स्वतंत्र परंपरांतून पुढे आला. १९६९ नंतर बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीत फाइलीचे नाव एका यादीत आणि तिची माहिती व मजकुराचा पत्ता दुसऱ्या नोंदीत ठेवण्यात आला. म्हणजे संचिकाप्रणाली हीसुद्धा मुळात एक छोटी सूचीच होय. १९७० मध्ये आयबीएममधील ई. एफ. कॉड यांनी संबंधाधिष्ठित विदागाराचे प्रतिमान मांडले. त्यावर उभारलेल्या विदागारांचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे व्यवहाराची अखंडता : एखादा बदल पूर्ण होतो किंवा मुळीच होत नाही, मध्येच वीज गेली तरी अर्धवट नोंद राहत नाही.

आरंभी विदागारात नावे, दिनांक, रकमा अशी लहान मूल्ये असत. पुढे प्रतिमा व ध्वनी यांसाठी मोठ्या द्विमान वस्तू साठविण्याची सोय झाली. तिला ब्लॉब हे नाव रूढ आहे. या सोयीमुळे नोंद व दस्तऐवज यांतील दुवा तुटण्याचे भय नाहीसे होते. दोन्ही एकाच व्यवहारात लिहिली जातात आणि एकाच राखीव प्रतीत येतात. परंतु त्यास मोल पडते. अनेक विदागार तबकडीवरील जागा ८ किलोबाइटच्या पानांत विभागतात. मोठी प्रतिमा अशा शेकडो पानांत विखुरली जाते आणि सर्व विदागाराची राखीव प्रत घेण्याचा वेळ वाढतो. समजा, एका तालुक्यातील ३,००० नकाशांच्या प्रतिमा प्रत्येकी २० मेगाबाइटच्या आहेत. त्यांस सुमारे ६० गिगाबाइट जागा लागेल. त्यांच्या नोंदी प्रत्येकी २ किलोबाइटच्या धरल्यास सर्व मिळून जेमतेम ६ मेगाबाइट भरतात. सहा मेगाबाइटचा मजकूर जपण्यासाठी दररोज साठ गिगाबाइट वाहणे हा अपव्यय होय.

या प्रश्नाचा प्रायोगिक अभ्यास रसेल सीअर्स, कॅथरिन व्हॅन इंगन व जिम ग्रे यांनी २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात केला. त्यांनी तपासलेल्या प्रणालींत २५६ किलोबाइटपेक्षा लहान वस्तू विदागारात आणि १ मेगाबाइटपेक्षा मोठ्या वस्तू संचिकाप्रणालीत ठेवणे लाभदायक आढळले. मधल्या टप्प्यात वस्तू किती वेळा बदलली जाते यावर निर्णय अवलंबून राहिला. वस्तू वारंवार बदलल्या की साठवणीचे तुकडे पडतात व कार्यक्षमता घटते, हेही त्यांनी दाखविले. हे आकडे त्या काळातील यंत्रसामग्रीचे असल्याने ते जसेच्या तसे लागू करू नयेत. तत्त्व मात्र टिकून आहे. मध्यममार्गी रचनाही पुढे आल्या आहेत. काही विदागार दोन किलोबाइटच्या आसपासच्या मर्यादेपलीकडील मूल्ये आपोआप वेगळ्या कोष्टकात हलवितात, तर काही वस्तू संचिकाप्रणालीत ठेवून तिचे नियंत्रण स्वतःकडे राखतात.

वस्तू बाहेर ठेवल्यास दोन दोष संभवतात. नोंद आहे पण फाइल नाही, हा पहिला. फाइल आहे पण तिची नोंद कोठेच नाही, हा दुसरा. उताऱ्यावर हिस्सा असून नकाशावर हद्द नसणे हा पहिल्या प्रकाराचा, तर सूची नसलेला रुमाल हा दुसऱ्या प्रकाराचा दोष म्हणता येईल. त्यांवर रूढ उपाय असे : फाइल आधी लिहून मग नोंद करणे, लिहिलेली फाइल न बदलता नवी आवृत्ती स्वतंत्र ठेवणे, फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळा-अंक नोंदीत लिहिणे आणि दोन्ही बाजूंचा मेळ ठरावीक मुदतीने घेणे.

सांप्रत स्थिती : केंद्र पुरस्कृत योजनेखाली १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणास काही जिल्ह्यांतून आरंभ झाला, महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा जिल्हा निवडण्यात आला होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०२१ पासून देशातील प्रत्येक भूखंडास १४ अंकी विशिष्ट क्रमांक देण्याचे काम हाती घेण्यात आले. हा क्रमांक भूखंडाच्या अक्षांश-रेखांशांवर आधारलेला असल्याने नोंद व नकाशा यांतील जुना दुवा पक्का करण्याचा तो प्रयत्न होय.

जुन्या कागदांच्या प्रतिमा घेतल्याने मात्र काम पुरे होत नाही. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने राज्यभर कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला, तेव्हा मोडी जाणणाऱ्या वाचकांची निकड सर्वत्र भासली. प्रतिमा कोट्यवधी असल्या तरी गाव, वर्ष व नाव यांची सूची नसल्यास त्या वाचल्याशिवाय उमगत नाहीत. आणि अशा एका ओळीवर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून असतो.

तेव्हा दस्तऐवज कोठे ठेवावा याचा निर्णय त्याचा आकार, बदलाची वारंवारता व राखीव प्रतींचा खर्च पाहून करावा लागतो. लहान व सतत बदलणारा मजकूर विदागारात, मोठा व स्थिर मजकूर संचिकाप्रणालीत ही विभागणी सामान्यतः योग्य ठरते. परंतु विभागणी केल्यावर दोहोंतील दुवा खरा राखण्याचे दायित्व कोणावर आहे, हे निश्चित केलेले असणे आवश्यक असते. ते निश्चित नसेल, तर कागद रुमालात असो वा तबकडीवर, त्याच्या धारकास तो असून नसल्यासारखाच राहतो.