आमेरची तलवार

मिर्झा राजे जयसिंग औरंगजेबाच्या हुकुमाने शिवाजी महाराजांवर चालून आले, तेव्हा मोहिमेस यश यावे म्हणून त्यांनी ब्राह्मणांकरवी कोटिचंडीचे अनुष्ठान मांडले, असे कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत सांगतो. चारशे ब्राह्मण त्यासाठी बसविले होते आणि तीन महिने ते चालले, असाही त्याचा तपशील आहे. बखर लिहिली गेली ती घटनेनंतर सुमारे तीस वर्षांनी; तेव्हा आकड्यांच्या बाबतीत बखरकाराचा हात थोडा सैल सुटला असेल. पण एका मुसलमान बादशहाच्या विजयासाठी देवीची आराधना व्हावी, आणि तीही भवानीच्या भक्ताचा पाडाव करण्यासाठी, याचे सभासदाला काहीच नवल वाटलेले दिसत नाही. नवल वाटते ते आपल्याला. कारण धर्माच्या नावाने झालेल्या युद्धांचा इतिहास आपण दोन रंगांत रंगविलेला असतो.

ज्या युद्धांवरून हे चित्र जगभर रूढ झाले, त्या युरोपातील क्रूसेडांची हकीकतही तितकी सरळ नाही. १०९५ साली पोप दुसरा अर्बन याने क्लेरमाँ येथे हाक दिली आणि १०९९ मध्ये ख्रिस्ती सैन्याने जेरुसलेम घेऊन तेथे भयंकर कत्तल केली. येथपर्यंत सारे स्पष्ट आहे. परंतु १२०४ साली हेच क्रूसधारी वीर कॉन्स्टँटिनोपल या ख्रिस्ती नगरीवर तुटून पडले आणि तिची मनसोक्त लूट केली. उलट १२२९ मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सुलतान अल् कामिलशी तह करून, लढाई न देता, जेरुसलेम मिळविले. आणि त्या वेळी पोपने त्याला धर्मबहिष्कृत केलेले होते! पवित्र नगरी परत मिळाली, पण ती रक्तावाचून आणि बहिष्कृताच्या हातून मिळाली, म्हणून धर्माधिकारी संतापले.

आपल्याकडे हीच गुंतागुंत पाहावयाची तर आमेरला जावे. आजच्या जयपूरपासून सुमारे अकरा किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरात कछवाह राजपुतांची ही जुनी राजधानी आहे. १५६२ मध्ये राजा भारमलाने आपली कन्या अकबरास दिली, आणि तेव्हापासून आमेरची तलवार मोगलांच्या कमरेस लागली. भारमलाचा नातू मानसिंग याने त्या तलवारीच्या बळावर काबूलपासून बंगालपर्यंत बादशाही निशाण नेले. त्याच मानसिंगाने वृंदावनात गोविंददेवाचे भव्य मंदिर उभारले. आमेरच्या किल्ल्यातील शिलादेवीची मूर्ती त्यानेच बंगालमधून आणली, असे परंपरा सांगते.

१८ जून १५७६ रोजी हळदीघाटात राणा प्रतापाविरुद्ध मोगल फौजेचा सेनापती हाच मानसिंग होता. आणि राण्याच्या आघाडीवर हकीमखान सूर हा पठाण लढत होता. अब्दुल कादिर बदायुनी हा कडवा मौलवी जिहादचे पुण्य जोडावे म्हणून मोगल फौजेत मुद्दाम दाखल झाला होता. त्याने लिहून ठेवलेली एक गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. आपल्या बाजूचे राजपूत कोणते आणि शत्रूचे कोणते, हे रणधुमाळीत ओळखावे कसे, असे त्याने आसफखानास विचारले. आसफखान म्हणाला, बाण सोडीत राहा; कोणत्याही बाजूचा पडला तरी इस्लामचा फायदाच आहे. बदायुनीचे धर्मयुद्ध असे मानसिंगाच्या सेनापतित्वाखाली आणि मानसिंगाच्याच माणसांवर बाण टाकीत चालले होते.

मानसिंगानंतर या घराण्याचा दुसरा मोठा पुरुष म्हणजे जयसिंग. १६६५ च्या मार्चमध्ये तो पुण्यास पोहोचला, आणि आल्याबरोबर त्याने महाराजांभोवती शत्रूंचे कडे उभारण्यास आरंभ केला. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे फिरंगी, विजापूरकर, जावळीचे मोरे, अफजलखानाचा मुलगा, जव्हार-रामनगरचे राजे, या साऱ्यांना त्याने चुचकारले. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा ख्रिस्ती गृहस्थ त्याच्या तोफखान्यात होता. त्यालाही रामनगरकडे वकील म्हणून धाडले. इकडे महाराजांच्या आरमारात दौलतखान होता आणि दप्तरात काझी हैदर होता. वज्रगड पडला, पुरंदरावर मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले, आणि जूनमध्ये तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा उरले.

स्वधर्मीयाच्या नात्याने जयसिंगास साद घालणारे, महाराजांच्या नावावरचे एक फारसी काव्यमय पत्र प्रसिद्ध आहे. ते वाचताना मन भारावते. पण त्याच्या अस्सलपणाबद्दल संशोधकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. जयसिंगाची स्वतःची पत्रे मात्र त्याचा मुन्शी उदयराज याने जपून ठेवली. त्यांतील वजीर जाफरखानास लिहिलेल्या पत्रात जयसिंग सुचवितो की, शिवाजीला जाळ्यात ओढण्यासाठी त्याची मुलगी आपल्या मुलास करण्याचे बोलणेही आपण लावू. वस्तुतः त्याचे कुळ हलके, आपल्यासारखे लोक त्याच्या हातचे अन्नही खात नाहीत. अनुष्ठान मांडणारा तो हाच जयसिंग. त्याची श्रद्धा खोटी होती, असे म्हणण्यास आधार नाही. पण त्याच्या लेखी क्षत्रियाचा धर्म म्हणजे स्वामिधर्म, खाल्ल्या मिठाला जागणे. आणि एका देवीचे दोन भक्त एकमेकांचे आप्त ठरतात, ही कल्पनाच त्याच्या मनाला शिवली नसावी.

त्याचा मुलगा रामसिंग याची गोष्ट अधिक करुण आहे. १६६६ मध्ये आग्र्यास तो महाराजांचा जामीन राहिला. महाराजांनी त्याच्या डेऱ्यात महादेवावर पाणी घालून त्याला वचन दिले, असे आमेरच्या कारकुनांनी तेथून पाठविलेल्या पत्रांत नमूद आहे. महाराज निसटले, तेव्हा रामसिंगाची मनसब गेली, दरबार बंद झाला. जयसिंग पुढच्याच वर्षी बऱ्हाणपुरास वारला. मग रामसिंगास मनसब परत मिळाली, तो आसामात बादशहासाठी लढला.

१६७९ मध्ये औरंगजेबाने हिंदूंवर पुन्हा जिझिया बसविला. पुढच्या वर्षी अबू तुराब नावाच्या सरदारास आमेरकडे पाठविण्यात आले. ऑगस्ट १६८० मध्ये त्याने परत येऊन हुजुरास कळविले की, आमेरातील सहासष्ट देवळे पाडली. रामसिंग त्या वेळीही बादशहाचाच मनसबदार होता, आणि १६८८ मध्ये मरेपर्यंत त्याने ती चाकरी सोडली नाही.